आडवी झालेली शीट

परवा अंधेरीतल्या एका स्टुडिओत रात्रपाळीला दुसऱ्याच्या मशीनवर बसायची वेळ आली. आफ्टर इफेक्ट्स उघडलं तर टाइमलाइनच नाही! आधीच्या पाळीतल्या कुणीतरी ती दुसऱ्या मॉनिटरवर नेऊन ठेवली होती आणि तो मॉनिटर बंद. वीस मिनिटं शोधाशोध केली. शेवटी विंडो मेनूतल्या वर्कस्पेसमध्ये जाऊन मांडणी रीसेट केली. दोन क्लिकचं काम. इतक्या वर्षांनी आपण असे भांबावतो, याची लाजही वाटली.

पण भांबावतो ते का? पॅनेल कुठे असतं हे आपण पाठ केलेलं असतं. ते कशासाठी आहे हे मात्र विसरतो. ते आठवायला थोडं मागे जावं लागतं. फिल्म्स डिव्हिजनचं कार्टून युनिट १९५६मध्ये सुरू झालं. डिस्नेतून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखी माणसं तिथे घडली. हाताने चित्रं काढण्याच्या त्या काळात ॲनिमेशनचा सगळा हिशेब एक्स्पोजर शीटवर असे. वरून खाली फ्रेम, आडव्या ओळीत एकावर एक सेल, कडेला कॅमेऱ्याच्या सूचना. तो कागद आडवा धरा, झाली आपली टाइमलाइन. प्रोजेक्ट पॅनेल म्हणजे सेल ठेवायचं कपाट, कॉम्पोझिशन म्हणजे कॅमेऱ्याखालचं टेबल. हे एकदा डोक्यात बसलं की पॅनेल डावीकडे असो वा उजवीकडे, हात अडत नाही.

म्हणून नवशिक्यांना माझा आग्रह असतो, आधी टाइमलाइन शिका, बाकीची पॅनेलं खुशाल बंद ठेवा. लेयर निवडून यू दाबलं की फक्त कीफ्रेम किंवा एक्स्प्रेशन लावलेल्या गोष्टी दिसतात. लागोपाठ दोनदा दाबलं तर बदललेलं सगळं उलगडतं. दुसऱ्याची फाइल वाचायला याहून सोपा रस्ता नाही. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर काम करणाऱ्यांनी एस्केपखालची, आकडा एकच्या डावीकडची कळ ओळखीची करून घ्यावी. माउस ज्या पॅनेलवर असेल ते पडदाभर होतं, पुन्हा दाबलं की जागेवर. शिकवणाऱ्याच्या दोन मॉनिटरांची मांडणी त्या लॅपटॉपवर उतरवू नये. स्वतःची बसवावी आणि सेव्ह करावी. मात्र ती त्या मशीनवरच राहते, प्रोजेक्ट फाइलबरोबर येत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मांडणीच्या बाहेरची. मालिकेचं शीर्षक टाइप केलं आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडली, जोडाक्षर फुटून हलन्त दिसू लागलं, तर दोष फॉन्टचा असेलच असं नाही. आफ्टर इफेक्ट्सची आवृत्ती जुनी असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात टेक्स्ट इंजिन लॅटिनवर आहे का ते बघा. आपल्याला साउथ एशियन हवं. वर्कस्पेस कितीही वेळा रीसेट करा, ही सेटिंग हलत नाही. त्या रात्री मशीन हातात आल्यावर हे मी सगळ्यात शेवटी पाहिलं. खरं तर आधी पाहायला हवं होतं.

पुढच्या अंकासाठी आपापल्या मांडणीचे स्क्रीनशॉट पाठवा. मॉनिटर किती इंची आहे आणि त्या मशीनवर आणखी किती जण बसतात, तेही लिहा.