आस्कंदाआधी रक्त तपासा

तुळशीचे लग्न लागले की पालघर, बोईसर, तारापूर पट्ट्यातल्या वरातीच्या घोड्यांना उसंत राहत नाही. केळव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दीही याच दिवसांत वाढते. आणि नेमके तेव्हाच मालकाच्या लक्षात येते, की पावसाळ्यात जनावर उतरले आहे. बरगड्या दिसतात, अंगावरची चकाकी गेली आहे, थोडे चालले की धाप लागते. मग काष्ठौषधीच्या दुकानातून आस्कंदाची, म्हणजे अश्वगंधाच्या मुळीची पूड आणायची आणि गुळात कालवून चारायची. हा उपाय अडाणीपणा म्हणून झिडकारण्यासारखा मुळीच नाही. आमचा आग्रह एवढाच, की मुळीच्या आधी घोड्याचे रक्त तपासा.

आस्कंदाच्या बाजूने पुरावा आहे. भारतातल्या पशुवैद्यकांनी २४ घोड्यांवर केलेला एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. दमवणूक, एकटेपणा, मोठा आवाज असा ताण देऊन त्या घोड्यांना २१ दिवस मुळीचा अर्क दिला, तेव्हा ताणाचे संप्रेरक असलेले कॉर्टिसॉल उतरले आणि हिमोग्लोबिन वाढले. पण तो मोजूनमापून दिलेला अर्क होता, पुडीतली चिमूट नव्हे. शिवाय तपासले होते ते ताणावरचे औषध, रोगावरचे नव्हे.

पावसाळ्यानंतर उतरलेल्या घोड्याला रोगच झालेला असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्यात पहिला संशय घ्यायचा तो सर्राचा. गुरांना-घोड्यांना चावणारी मोठी घोडमाशी पावसाळ्यात बोकाळते आणि एका जनावराच्या रक्तातला या रोगाचा परजीवी दुसऱ्याच्या अंगात सोडते. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो पहिल्यांदा पाहिला. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. रक्त कमी होत जाते, खाणे चालू असूनही अंग झडते, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, पुढे मागचे पाय लटपटू लागतात. ही लक्षणे मालकाच्या नजरेला ‘अशक्तपणा’ म्हणूनच दिसतात, म्हणून ताकदीचे औषध सुरू होते. त्या काळात परजीवी वाढतच राहतो. उपचार झाला नाही तर सर्राने घोडा मरतो. वेळेत निदान झाले तर क्विनापायरामीनसारखे औषध आहे. निदानाची सुरुवात काचपट्टीवरच्या रक्ताच्या एका थेंबापासून होते. तो थेंब अंगात ताप असताना घ्यावा लागतो, कारण मधल्या काळात परजीवी रक्तात सापडेलच असे नाही. एकदा ‘काही नाही’ असा निकाल आला म्हणून निर्धास्त होऊ नये.

मुळी म्हणजे निरुपद्रवी, हाही समज सोडायला हवा. सर्पगंधाच्या मुळीवरचा मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा लेख १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात आला आणि रक्तदाबावरचे औषध म्हणून ती जगाला कळली. तिच्यातले रिझर्पीन घोड्याला इतके मंद करते, की आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यावर बंदी आहे. त्याने घोड्याला जुलाब आणि पोटशूळही होतो. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेले चुकीचे औषध त्याला बाहेर टाकता येत नाही. गाभण घोडीला तर आस्कंदही पशुवैद्याला विचारल्यावाचून देऊ नये.

आणि ज्या ताणावर आस्कंद उपयोगी पडले, त्यातला मोठा आवाज आपण रोज घोड्याच्या कानाशी आणतो. डीजेच्या भिंतीपुढे, फटाक्यांच्या माळेत, डांबरी रस्त्यावर त्याला रात्री उशिरापर्यंत उभे करायचे आणि सकाळी मुळी चारायची, हा उपचार नव्हे. वरात ठरवताना घोडा आणि डीजे यांच्यात अंतर ठेवा, मधे पाणी पाजा, लागोपाठ दोन वराती घेऊ नका, हे मालकाने सांगायला हवे आणि यजमानांनी ऐकायला हवे. मालकाचे पोट त्या घोड्यावर आहे, त्यामुळे त्याच्या एकट्यावर भार टाकून चालणार नाही.

रक्ततपासणीचा भारही मालकावर पडू नये, यासाठी जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने दरवर्षी हंगाम सुरू होण्याआधी केळवे आणि बोईसर येथे घोड्यांच्या रक्ततपासणीचे शिबिर भरवावे. तिथेच धनुर्वाताची लस आणि जंताचे औषध द्यावे. पायात खिळा घुसून धनुर्वात झालेला घोडा क्वचितच वाचतो. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी अशा शिबिराला आले तर त्यांनाही घोडा हाताळायला मिळेल. एखाद्या घोड्यात सर्रा सापडला, तर आसपासच्या तबेल्यांतल्या म्हशींचे रक्तही त्याच आठवड्यात तपासावे. म्हशीच्या अंगात हा परजीवी बाहेर काहीही न दाखवता राहू शकतो, आणि तिथून माशी तो पुन्हा घोड्यापर्यंत आणते.