लेझमीत टिकलीचे गुण किती?

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या मावळात शाळांच्या मैदानांवर सकाळी सकाळी छम्‌-छम्‌ सुरू होते. धुकं इतकं असतं की पोरी दिसत नाहीत, नुसता आवाज येतो. माझी भाची गेल्या वर्षी नववीत होती. शाळेच्या लेझीम पथकात २४ मुली, आणि तिची जागा पहिल्या ओळीत उजव्या कोपऱ्यात. ही जागा अवघड. पट वळताना बाकीच्या सगळ्या त्या कोपऱ्याकडे बघून वळतात. कोपरा चुकला की अख्खी ओळ चुकते.

स्पर्धा तालुक्याची होती. तयारी म्हणजे काय, हे मी त्या दोन महिन्यांत जवळून पाहिलं. पहिले पंधरा दिवस लेझीम हातातच घेऊ दिली नाही, नुसती पावलं. मग हलगीवाल्या काकांना बोलावलं. ते लोणावळ्याच्या बाजारात हमाली करतात, त्यामुळे सराव त्यांच्या वेळेप्रमाणे, सकाळी साडेसहाला. लाकडी दांड्याची लेझीम हलकी वाटते, पण तासभर डोक्यावर घेऊन खाली आणायची म्हणजे खांदे भरून येतात. भाची रात्री अम्मीकडून तेल चोळून घ्यायची आणि झोपेतसुद्धा पाय हलवायची.

स्पर्धेला पंधरा दिवस राहिले तेव्हा नियमांचा कागद आला. शंभर गुणांपैकी वीस ‘पारंपरिक वेशभूषे’ला. खाली खुलासा: नऊवारी, नथ, कपाळावर चंद्रकोर. पथकात एकसारखेपणा नसेल तर गुण कापले जातील.

आता नऊवारीचं आमच्या घरी कुणाला वावडं नाही. माझी दादी आयुष्यभर लुगडंच नेसली. तिच्या पिढीतल्या खेड्यापाड्यातल्या कितीतरी मुसलमान बायका तेच नेसायच्या. अडलं ते चंद्रकोरीपाशी. आणि ती अडल्याबरोबर मोहल्ल्यातल्या एका बुजुर्ग चाचांना इतके दिवस गिळून ठेवलेलं बोलायला जागा मिळाली. “टिकलीचं सोडा, पोरीनं चार लोकांत नाचायचंच कशाला?” माझ्या बहिणीचा चेहरा उतरला. दोन दिवस भाची सरावाला गेली नाही.

म्हणजे एका बाजूनं कागद म्हणत होता, आमच्यासारखी दिसलीस तरच ये. दुसऱ्या बाजूनं आपलेच म्हणत होते, जाऊच नकोस. दोघांचंही लेझमीकडे लक्ष नव्हतं.

मी चाचांकडे गेलो. त्यांना म्हटलं, लेझीम हा शब्दच फारसी आहे. लेज़म म्हणजे सरावाचं धनुष्य. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेलं, तिरंदाजाचे खांदे बळकट करण्यासाठी. इराणातल्या जोरखान्यात पैलवान आजही ‘कब्बादा’ नावाचं लोखंडी धनुष्य डोक्यावर धरून डावी-उजवीकडे हलवतात, त्याच्या साखळीवर चकत्या खुळखुळतात, आणि बाजूला बसलेला मुर्शिद जर्ब वाजवून ताल देतो. २०१० मध्ये युनेस्कोनं ही जोरखान्याची परंपरा मानवी वारशाच्या यादीत घेतली. आपल्या आखाड्यात तेच धनुष्य आलं आणि इथल्या मातीत, हलगीच्या ठेक्यावर लेझीम झालं. शाळेच्या कवायतीतले हुकूम ऐका: चौ आवाज, एक जगह, दो रुख, आगे फलांग. हे कुठल्या भाषेतून आले, ते मास्तरांनाही आठवत नाही. मोहरमच्या ताबुतांपुढे लेझीम आणि ताशा वाजवणारी मंडळी चाचांनीही लहानपणी पाहिली आहेत, त्यात हिंदू पोरंही असायची.

चाचा म्हणाले, “तो तरुण गड्यांचा खेळ होता.” खरंय. मग मी बुखारीतली हदीस काढली: ईदच्या दिवशी मशिदीत हबशी लोक भाले घेऊन खेळत होते, आणि प्रेषितांनी हजरत आयशांना तो खेळ मनसोक्त पाहू दिला. (त्यावरून मुलींनी मैदानात खेळावं असं सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण खेळ, ताल आणि दीन एका अंगणात मावू शकतात, एवढं तरी कळतं.) चाचा गप्प बसले. पटलं असं मी म्हणणार नाही.

मला तेव्हा ताहिती आठवलं. प्रशांत महासागरातलं हे बेट, तिथं दर जुलैत पापीतेला ‘हेइवा’ नावाची नाचाची मोठी स्पर्धा होते. शंभर-शंभर जणांची पथकं कित्येक महिने सराव करतात. पण त्याच बेटावर १८१९ मध्ये राजा पोमारेनं मिशनऱ्यांच्या सल्ल्यानं केलेल्या कायद्यानंतर नाचावर बंदी आली होती. पुढे १८८१ पासून फ्रेंचांच्या १४ जुलैच्या उत्सवात नाचाला थोडी जागा मिळाली, तरी चांगल्या घरच्या मुली त्यात नकोत, ही समजूत राहिलीच. १९५६ मध्ये मादलेन मुआ या शिक्षिकेनं स्वतःचं पथक काढलं आणि आईबापांना समजावून मुली मैदानात आणल्या. आज तो नाच त्या लोकांची ओळख आहे. मला त्यात भावतं ते आईबापांना समजावणं. बंदी उठवायला हुकूम पुरतो, पण मुलगी सरावाला यायची तर कुणीतरी तिच्या घरी जाऊन बसावं लागतं.

शाळेतल्या बाई आमच्या घरी आल्या, चहा घेतला. नियम त्यांनी केलेला नव्हता. त्यांनीच तोड काढली: सगळ्या २४ जणींना फेटे, आणि फेटा भुवईच्या जरा वर, कपाळ झाकेल असा. चंद्रकोर आहे की नाही हे परीक्षकाला दिसणारच नाही. बहीण हसली, भाची दुसऱ्या दिवशी साडेसहाला मैदानावर होती.

मला मात्र ही तोड तेवढी आवडली नाही. पोरीचं काम झालं, पण कागद जिथल्या तिथं राहिला. तिचं कपाळ झाकावं लागलं, नियम उघडाच. स्पर्धा भरवणाऱ्यांना मी पत्र लिहिलं: पोशाखाचे वीस गुण ठेवा, पण ते नीटनेटकेपणाला द्या, नऊवारी कशी नेसली, फेटा सुटला का, त्याला द्या. कपाळ ज्याचं त्याच्याकडे राहू द्या. आणि लेझमीचा आवाज एका ठोक्यावर पडला का, हे आधी ऐका. त्या दिवशी एका पथकाच्या नथी उन्हात चमकत होत्या आणि दो रुखला अर्धी ओळ उलटी वळली होती. त्यांचा नंबर आमच्या वर होता.

उत्तर अजून आलेलं नाही.

भाची यंदा दहावीत आहे, म्हणून पथकात नाही. उजव्या कोपऱ्यासाठी बाईंनी आमच्याच गल्लीतली सातवीची एक मुलगी हेरली आहे. पाय पक्के आहेत तिचे. तिचे अब्बा अजून हो म्हणालेले नाहीत. रविवारी मी आणि बाई त्यांच्याकडे जाणार आहोत.