सी.टी.आधी हात हातात घ्या

पायांच्या धमन्यांची तपासणी आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. मधुमेहाचा रुग्ण, न भरणारी जखम, घोट्याचा दाब, दंडाचा दाब आणि त्यांचे गुणोत्तर, हे सगळे टेक्निशियनच्या अंगवळणी पडले आहे. हाताची पाळी आली की मात्र गाडी थेट सी.टी. अँजिओग्राफीवर जाऊन थांबते. बोटे काळवंडलेल्या रुग्णाला पहिल्याच दिवशी कॉन्ट्रास्ट दिला जातो, पण दोन्ही दंडांचा दाब त्याच्या केसपेपरवर शोधूनही सापडत नाही.

हाताच्या धमन्यांचे आजार पायांपेक्षा कितीतरी कमी, हे मान्य. पण त्यांची कारणे पायांपेक्षा जास्त. पायात बहुतेक वेळा अथेरोस्क्लेरोसिस असतो. हातात धमनीदाह, हृदयातून आलेली गुठळी, मानेतली जादा बरगडी, यंत्राची कंपने, स्क्लेरोडर्मा, तंबाखू, डायलिसिसचा फिस्टुला, काहीही असू शकते. अडथळा कोणत्या पातळीवर आहे, यावरच निम्मे निदान ठरते. ती पातळी साधा कफ आणि हातातला डॉप्लर सांगू शकतो.

आधी धमनीदाहाचे उदाहरण घेऊ. मिकितो ताकायासू हे जपानी नेत्रतज्ज्ञ. 1908 साली त्यांनी एका तरुणीच्या दृष्टिपटलावरच्या चमत्कारिक रक्तवाहिन्यांचे वर्णन केले. अशाच रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही, हे त्यावरच्या चर्चेत इतर दोघा डॉक्टरांनी सांगितले. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या धमनीदाहाच्या 1990 च्या अमेरिकन निकषांमध्ये दोन दंडांच्या सिस्टॉलिक दाबात 10 मिमीपेक्षा जास्त फरक, हा एक निकष आहे. भारतीय रुग्णांत पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या बऱ्याचदा आजाराच्या तडाख्यात सापडतात, म्हणून उच्च रक्तदाब हे इथले नेहमीचे लक्षण. आता डावी सबक्लेव्हियन अरुंद झालेल्या तरुणीचे बी.पी. नेमके डाव्या हातावर घेतले, तर 110 दिसेल आणि ती ‘नॉर्मल’ म्हणून घरी जाईल. दोन्ही सबक्लेव्हियन बंद असतील तर पंचाईत आणखी मोठी. दोन्ही हात सारखेच खोटे बोलतात, फरक दिसत नाही. शिवाय भाजक लहान झाल्याने घोटा-दंड गुणोत्तरही फुगते आणि पायाचा आजार झाकला जातो. अशा वेळी मांडीवर कफ बांधण्याला पर्याय नाही.

बायपासच्या रुग्णाला तर दोन दंडांमधला न मोजलेला फरक भलताच महागात पडू शकतो. ग्राफ्ट म्हणून जोडली जाणारी छातीतली डावी मॅमरी धमनी डाव्या सबक्लेव्हियनमधूनच निघते. मूळ नळच अरुंद असेल, तर डाव्या हाताने काम करताना ग्राफ्टमधले रक्त उलटे हाताकडे वळते आणि छातीत दुखते. शस्त्रक्रियेआधी दोन्ही हातांवर कफ बांधायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे न काढण्याला सबब नाही.

दंड, कोपराखाली आणि मनगट अशा पातळ्यांवर दाब मोजताना लगतच्या दोन पातळ्यांत सुमारे 20 मिमीचा फरक आला, तर मधल्या भागावर संशय घ्यावा. पण मनगटाचा दाब उत्तम आणि बोट मात्र निळे, असा रुग्ण आला की बोटाकडेच जावे लागते. बोटाच्या मुळाशी छोटा कफ आणि टोकाला पीपीजीचा सेन्सर लावायचा. लहर सपाट होईपर्यंत कफ फुगवायचा आणि हळूहळू हवा सोडायची. पहिली लहर ज्या आकड्याला उठेल, तो बोटाचा दाब. दंडाशी त्याचे गुणोत्तर साधारण 0.8 च्या वर असावे. इथे सगळ्यात मोठा घोळ घालतो तो ए.सी. गारठलेल्या खोलीत निरोगी माणसाच्या बोटाची लहरही चेपते. म्हणून हात कोमट पाण्यात धरून पुन्हा मोजावे: लहर परत आली तर आकुंचन, नाही आली तर कायमचा अडथळा. हा भेद सी.टी.च्या चित्रावर सहसा होत नाही. खोलीचे आणि बोटाचे तापमान न लिहिलेला रिपोर्ट म्हणूनच अर्धवट समजावा.

फिस्टुलाच्या रुग्णाचा हात गार पडून दुखत असेल, तर हाच सेन्सर बोटावर ठेवून फिस्टुला अलगद दाबावा. चेपलेली लहर टरारून उठली, की रक्त कुठे पळत होते ते समोरच दिसते. बोट-दंड गुणोत्तर 0.6 च्या खाली असेल तर शल्यविशारदाला त्याच दिवशी फोन करावा.

ॲलन चाचणीबद्दलही थोडे. एडगर ॲलन यांनी 1929 साली ती मांडली ती बर्जरच्या आजारात मनगटापुढची धमनी बंद आहे का, हे पाहण्यासाठी. आज ती मुख्यत्वे रेडियल अँजिओग्राफीपूर्वीचा सोपस्कार झाली आहे, आणि त्या कामात तिचा उपयोग किती, यावर वाद आहे. मूळ कामात मात्र ती अजूनही मोलाची. विडी ओढणारा तरुण पायाचे बोट काळे पडले म्हणून येतो, तेव्हा त्याचे हात कितीजण तपासतात? तिथे चाचणी बिघडलेली निघाली, तर बर्जरचा संशय बळावतो.

अँजिओग्राफीनंतर रेडियलची नाडी बोटाला लागली म्हणून धमनी उघडी आहे, असेही धरू नये. पंजातल्या कमानीतून उलटे आलेले रक्तही तशीच नाडी देते. अंगठ्यावर ऑक्सिमीटर लावून अल्नार दाबावी. लहर नाहीशी झाली तर रेडियल बंद आहे. प्रत्येक कॅथ लॅबने रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी ही तपासणी करावी आणि तिचा निकाल डिस्चार्ज कार्डावर लिहावा, अशी विनंती आहे.