दारातला हत्ती

जुनी आलिशान मोटार स्वस्तात घेण्याचे वेड आमच्या तालुक्यात गेली काही वर्षे पसरले आहे. हे वेड शहाणपणाच्या वेषात येते, म्हणूनच त्याच्याविरुद्ध लिहिणे मला भाग आहे. "नवी ऐंशी लाखांची आहे, गुरुजी, मला चौदात मिळाली," असे माझा एक जुना विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी मला म्हणाला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उधळ्याचा नव्हे, काटकसरी माणसाचा आनंद होता. पैसे उडवणाऱ्याला एक वेळ समजावता येते. आपण पैसे वाचवले असे ज्याला वाटते, त्याला कोणी समजवावे?

त्या गाडीचे नाव मी सांगत नाही. या जातीच्या गाड्या जर्मन असोत वा इंग्रजी, त्यांची दुखणी थोड्याफार फरकाने सारखीच. दोन टनांहून अधिक वजन, चारही चाकांना जोर, आत कातडी आसने आणि छताला सरकती काच. ही गाडी नऊ वर्षांची होती. पहिल्याच पावसाळ्यात एके सकाळी ती गोठ्यासमोर पोट टेकून बसलेली आढळली.

त्यात नवल काहीच नव्हते. यांतल्या पुष्कळ गाड्यांना पोलादी स्प्रिंगा नसतात. हवा भरलेल्या रबरी पिशव्यांवर त्या तोललेल्या असतात. रबराला वयाबरोबर भेगा पडतात, हवा झिरपते, ती भरून काढण्यासाठी काँप्रेसर वाजवीपेक्षा जास्त चालतो आणि अखेर तोही जळतो. छताच्या काचेभोवतीचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या, की पाणी आत उतरून गालिच्याखाली साचते. आणि अनेक गाड्यांत तारांचे जुडगे तिथेच असतात. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वच्छ राहायला गाडी अधूनमधून बराच वेळ सलग, वेगाने धावावी लागते. आमचा विद्यार्थी तिच्यातून चार किलोमीटरवर डेअरीला दूध घालायला जात असे!

दुसऱ्या वर्षी सकाळी गाडी सुरू करताना इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली. टायमिंगची साखळी सैल झाली होती. काही जर्मन डिझेल इंजिनांत ही साखळी पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. साखळीची किंमत ती काय? पण तिच्यापर्यंत हात पोचायला सबंध इंजिन बाहेर काढावे लागते. पिशव्या, काँप्रेसर आणि साखळी मिळून साडेपाच लाखांचे बिल झाले. उसाला ठिबक बसवण्यासाठी ठेवलेली रक्कम त्यात गेली.

मी शाळेत गणित शिकवतो. आठवीच्या चक्रवाढ व्याजाच्या धड्यात घसाऱ्याची उदाहरणे असतात: यंत्राची किंमत दरवर्षी इतके टक्के घटते, तर तीन वर्षांनी किती? या विद्यार्थ्याने ती उदाहरणे माझ्याच वर्गात अचूक सोडवली होती. पण किंमत घटते म्हणून खर्च घटत नाही, हे त्याला कोणत्याही उदाहरणाने सांगितले नाही, आणि मीही सांगितले नाही. गाडी ऐंशी लाखांवरून चौदा लाखांवर आली. तिचा काँप्रेसर, तिचे ब्रेक, तिचे वीस इंची टायर ऐंशी लाखांच्या गाडीचेच राहिले. शिवाय चारही चाकांना जोर असल्यामुळे एकच टायर बदलूनही भागत नाही. झिजलेल्या तिघांशी नवा जुळला नाही तर जोर वाटून देणाऱ्या यंत्रणेवर ताण पडतो.

विम्याचा आधार आहे ना, असे कोणी म्हणेल. नेहमीच्या विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड धरतच नाहीत. अपघात झाला तरी रबरी व प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. घसारा न कापणारी जादा सवलत जुन्या गाडीला सहसा कोणी देत नाही. परराज्यातली गाडी आणली तर ना-हरकत दाखल्यासाठी हेलपाटे आणि महाराष्ट्राचा कर वेगळाच; पंधरा वर्षे उलटली की फेरनोंदणी आणि हरित कर आहेतच.

माझे खरे भांडण याहून निराळे आहे. यांतल्या काही गाड्यांच्या गिअरबॉक्सचे तेल 'आयुष्यभर पुरते' असे मोटार कंपन्या सांगतात. तेच गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र म्हणते, की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांनी किंवा आठ वर्षांनी तेल बदला. मग हे 'आयुष्य' कोणाचे? पहिल्या मालकाचे! हमीची मुदत संपली की तो गाडी विकून मोकळा होतो. मिरवण्याचे सुख त्याने घेतले; त्याची उधारी दुसरा मालक फेडतो, आणि वर समजतो की आपण व्यवहार साधला.

गंमत अशी, की या घराण्याचा एक मूळपुरुष शेतकऱ्याच्या कामाचा होता. १९७० साली इंग्लंडात रेंज रोव्हर निघाली तेव्हा तिची आसने रेक्झिनसारख्या प्लॅस्टिकची होती आणि चिखल झाल्यास आतून नळीने धुता येईल अशी तिची रचना होती. तिला पोलादी स्प्रिंगा होत्या. १९९२ मध्ये तिच्या लांब नमुन्यात हवेच्या पिशव्या आल्या; कातडे, गालिचे, पडदे पुढे वाढतच गेले. २००८ साली ती कंपनी टाटांनी घेतली आणि २०२४ पासून रेंज रोव्हरची जुळणी पुण्यातही होऊ लागली. म्हणजे गाडी आमच्या दाराशी आली. पण शेतकऱ्याची म्हणून नव्हे, नबाबाची म्हणून.

मास्तर स्कूटरवर फिरतात म्हणून जळतात, असा आक्षेप येईल. येऊ द्या. चांगली निघालेली जुनी गाडी नसतेच, असेही मी म्हणत नाही. देखभालीच्या नोंदी पाहाव्या, जाणत्या मिस्त्रीकडून गाडी वर उचलून खालून तपासावी, आणि खरेदीच्या निम्मी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. ज्याची एवढी ऐपत आहे त्याने खुशाल घ्यावी. पण ज्याची सगळी ऐपत खरेदीतच संपते, त्याने हत्ती घेऊ नये. हत्ती घेणे सोपे, त्याचा चारा महाग.

आणि दोष एकट्या त्याचाच का मानावा? शाळेच्या स्नेहसंमेलनाला तो त्या गाडीतून उतरला तेव्हा पहिल्या रांगेतली खुर्ची त्याला मीच दिली. त्याचे वडील दरसाल सायकलवर येत आणि मागे उभे राहून मुलाचे नाटक बघत. त्यांना मी कधी खुर्ची दिली नव्हती. माणसाचे वजन गाडीच्या वजनावरून करणाऱ्यांत मीही आहे, आणि चौदा लाख त्याने त्या खुर्चीसाठी मोजले होते.

आता ती गाडी विकायला काढली आहे. साडेचार लाखांना मागणी आली आहे. मागणारा आमच्याच गावचा, किराणा दुकान चालवणारा तरुण आहे. "नवी ऐंशी लाखांची आहे, गुरुजी," असे तोही परवा मला म्हणाला. तोही माझाच विद्यार्थी. व्यवहार अजून पुरा झालेला नाही. तो होण्यापूर्वी त्याच्या हाती हा अंक पडावा, एवढ्यासाठीच हे लिहिले.