वंशावळीतली थकबाकी

निमुळत्या नाकाचा, भरघोस केसांचा कोली हा मूळचा स्कॉटलंडचा मेंढपाळी कुत्रा. आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाची जी मात्रा इतर कुत्र्यांना सहज सोसते, ती अनेक कोलींना झोकांड्या खायला लावते, प्रसंगी जीवही घेते. याचा उलगडा २००१ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात झाला. औषधाला मेंदूबाहेर रोखणारे प्रथिन ज्या जनुकामुळे बनते, त्यातली अवघी चार अक्षरे गळाली होती. हा दोष सुमारे ७० टक्के कोलींत आढळतो. २००४ च्या संशोधनाने त्याचा माग ब्रिटनमधल्या एकाच पूर्वजापर्यंत नेला. तोही १८७३ च्या सुमारास वंशनोंदणी सुरू होण्याआधीचा. पुढे वह्यांत रूप जमेला लागले, थकबाकी मात्र कोणाला दिसलीच नाही.

आता लाळेच्या नमुन्यावरून दोष कळतो. मग अशी सारी कुत्री पैदाशीतून बाद करावीत काय? तसे केल्यास उरलेल्या मूठभरांची आपसांत वीण वाढेल आणि दुसरेच दोष डोके वर काढतील. त्यापेक्षा सदोष कुत्र्याची जोडी निर्दोषाशी जमवावी, पिल्ले तपासावीत, पिढीगणिक दोष घटवावा. जुने कर्ज असे हप्त्यांनीच फिटते. तोवर औषधाआधी चाचणी, एवढे पथ्य मालकाने पाळावे.