चेहऱ्याची पट्टी सुटेपर्यंत

गेल्या महिन्यात डोंबिवलीतल्या एका ओळखीच्या घरी गेले होते. तिनं स्वतःच्या पगारातून पैसे साठवून नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. नाकावर पट्टी, डोळ्यांखाली काळंनिळं, चेहरा सुजलेला. ऑपरेशनचा तिसरा दिवस आणि ती ओट्याशी पोळ्या लाटत होती. शेजाऱ्यांना सासूबाईंनी ‘डोळे आलेत’ असं सांगून ठेवलेलं. मी काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, “हौस तिची, मग सोसायचंही तिनंच.”

परतताना मनात आलं, आपल्या बैठकीत तरी वेगळं काय म्हटलं गेलं असतं? ‘बाजाराला बळी पडली’ म्हणून आपण पुढच्या विषयाकडे वळलो असतो. १९९६ साली बंगळूरच्या ‘मिस वर्ल्ड’ स्पर्धेला स्त्री-संघटनांनी विरोध केला, तो योग्यच होता. पण तो विरोध बाजाराला होता. टाके पडलेल्या बाईला एकटं टाकायला नव्हे.

पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाची कातडी वापरून नवं नाक बसवलं गेलं, ही हकिगत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. अशा शस्त्रक्रियेनंतर रोग्याला पाच-सहा दिवस उताणं निजवून ठेवतात, असंही त्यात लिहिलं आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या गाडीवानाला जी विश्रांती आवश्यक मानली, ती आजच्या सुनेला मिळत नाही.

ही विश्रांती म्हणजे लाड नव्हेत. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. काळंनिळं जायला साधारण दोन आठवडे लागतात. या दिवसांत डोकं उंचावर ठेवून निजायचं असतं. वाकून केर काढला, पाण्याची बादली उचलली, तर रक्तस्राव होऊ शकतो. गर्दीच्या लोकलमध्ये नाकाला एक कोपर लागलं तरी केलेलं सगळं बिघडू शकतं.

कल्याणच्या एका चाळीतली दुसरी बाई आठवते. भाजल्यामुळे तिची हनुवटी मानेकडे ओढली गेली होती, म्हणून शस्त्रक्रिया झाली. कायदा या दोघींत फरक करतो. केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी, विमाही नाही. भाजल्यानंतरच्या शस्त्रक्रियेला करातून सूट. घर मात्र फरक करत नाही. दोघीही आठवड्याच्या आत स्टोव्हपाशी!

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शस्त्रक्रिया का केली, हा वाद पट्टी सुटल्यावर घालू. तोवर आपल्या गटांनी बाळंतिणीसारखीच हिचीही पाळी लावावी. एकीनं डबा न्यावा, एकीनं पाणी भरावं, एकीनं तपासणीला सोबत जावं. ताप, पू, न थांबणारं रक्त किंवा नजरेत फरक दिसला, तर रात्र असली तरी तिला डॉक्टरकडे न्यावं. आणि नवऱ्याला, सासूला समोर बसवून सांगावं की घरातली कामं फक्त तिचीच नाहीत.

तुमच्या गटात असा अनुभव आला का, जरूर कळवा.