इल्लीगल म्हणजे बेकायदेशीर?

परवा दोंडाईच्याहून अप्पांचा फोन. आवाज पडलेला. "भाऊ, प्रोग्रामचं नाव टाकलं तर ते म्हणतं इल्लीगल कमांड. माझ्या हातून बेकायदा तर काही झालं नाही ना? आते काय करू?"

अप्पांची मिरचीची आडत. १९९७ पासूनची खाती फॉक्सप्रोच्या एका डॉस प्रोग्राममध्ये. ६४ बिटी विंडोजवर असले १६ बिटी प्रोग्राम चालत नाहीत, म्हणून दिवाळीत मी डॉसबॉक्स टाकून दिला होता. (काकू, तुमच्यासाठी: नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा प्रोग्राम, म्हणजे इम्युलेटर.) त्या दिवशी एका शेतकऱ्याचा मुलगा दुकानात येऊन बसलेला. वडील वारले, त्यांचं १९९९चं काही येणं राहिलंय का? अप्पांना खातं पाहूनच उत्तर द्यायचं होतं.

चूक अप्पांची नव्हतीच. डॉसबॉक्स उघडला की आपण झेड ड्राइव्हवर असतो. हिशेबाचं फोल्डर सी म्हणून 'माउंट' केल्याशिवाय त्याला ते दिसत नाही. ती ओळ सेटिंगच्या फाइलमध्ये लिहायला मीच विसरलो होतो.

गंमत म्हणजे याच डॉसबॉक्सला नीट बोलता येतं! नुसतं 'सी:' टाइप करा. तो सांगतो, सी ड्राइव्ह नाही, आधी माउंट करा, माहितीसाठी 'इंट्रो माउंट' टाइप करा. मग प्रोग्रामचं नाव टाकणाऱ्यालाच आरोपी का करायचं? एकही ड्राइव्ह जोडलेला नाही हे त्याला तेव्हाही ठाऊक असतंच की. मूळ डॉस 'बॅड कमांड ऑर फाइल नेम' म्हणून गप्प बसायचा, त्याला बिचाऱ्याला बाहेरचं काही माहीतच नव्हतं. इम्युलेटरला आतलं यंत्रही दिसतं आणि बाहेरचंही. नवखा माणूस अडखळतो तो नेमका या दोन यंत्रांच्या सांध्यावर, आणि तिथलं सांगू शकणारा इम्युलेटर एकटाच. आम्ही प्रोग्रामर मात्र "मॅन्युअल वाचा" म्हणून मोकळे. समोर माणूस बसलेला असताना अप्पांनी मॅन्युअल वाचायचं?

असो. फोनवर एकेक अक्षर सांगून ओळ टाइप करून घेतली. १,८४० रुपये येणं निघालं, अप्पांनी लगेच दिले.

नंतर वाटलं, संदेशच मराठी करावेत. डॉसबॉक्सचे संदेश वेगळ्या फाइलमध्ये काढून बदलता येतात. पण डॉसच्या पडद्याचा अक्षरसंच २५६ चिन्हांचा, त्यात देवनागरी नाही. (त्यासाठीच तर पूर्वी सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवायचे.) शेवटी रोमन अक्षरांत मराठी लिहिलं. आता 'इल्लीगल'च्या जागी अप्पांना दिसतं: "हे सापडलं नाही. ड्राइव्ह जोडला का? नसेल तर भाऊला फोन करा." :-)